दूरच्या विद्यार्थ्यांची उद्योगशाळा

इ. स. २०१८ च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत एक चमत्कारिक घोटाळा झाला. नवीन उद्योग काढूं पाहणाऱ्या तरुणांना हात देणारी ‘वाय काँबिनेटर’ नांवाची एक संस्था तेथें आहे. तिनें इंटरनेटवरून चालणाऱ्या आपल्या दहा आठवड्यांच्या शिक्षणक्रमासाठीं अर्ज मागविले होते. अर्ज आले सुमारे १५,०००. सल्लागाराच्या नजरेखालीं शिकविणें शक्य होतें तें त्यांतल्या थोड्यांनाच. निवड झाली, निकालाचीं पत्रें सुटलीं, आणि ज्यांना नकार कळवावयाचा होता त्यांनाही ‘आपली निवड झाली आहे’ असा मजकूर जाऊन पोंचला. चूक ध्यानांत आल्यावर संस्थेपुढें दोनच मार्ग उरले. दिलेला शब्द मागें घ्यावा, किंवा आलेल्या साऱ्यांना आंत घ्यावें. थोड्याशा धांदलीनंतर संस्थेनें दुसरा मार्ग पत्करला आणि सर्व अर्जदारांना दार उघडलें.

वरवर पाहतां ही कचेरींतली एक साधी चूक. परंतु तिच्या मागें पावणेदोनशें वर्षांचा एक जुना प्रश्न उभा होता. व्याकरण, गणित, इतिहास ह्या विद्या ग्रंथद्वारां दूरच्या माणसास देतां येतात, हें कोणीही मान्य करील. पण नवीन उद्योग उभारणें ही विद्या कीं वृत्ति? ती विद्या असेल तर हजारों कोस दूर बसलेल्या, कधींही डोळ्यांनीं न पाहिलेल्या माणसाला ती शिकवितां येईल काय? आणि येत असेल, तर एका वेळीं किती जणांना? मोजक्यांना शिकविण्याची तयारी असलेल्या शाळेच्या दारांत हजारों विद्यार्थी अकस्मात् येऊन उभे राहिले, तेव्हां हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिला नाहीं.

दूरशिक्षणाचा आरंभ सामान्यतः इंग्लंडांतील बाथ शहरीं राहणाऱ्या आयझॅक पिटमन ह्या गृहस्थापासून धरतात. १८४० सालीं तेथें एका पेनींत पत्र कोठेंही पोंचविणारें टपाल सुरू झालें आणि पिटमननें आपली लघुलेखनाची पद्धति त्या टपालाच्या साह्यानें शिकविण्यास प्रारंभ केला. धडा जाई, विद्यार्थी बायबलांतील उतारा लघुलिपींत उतरवून परत पाठवी, त्यांतील चुका दुरुस्त होऊन कागद पुन्हां विद्यार्थ्याकडे रवाना होई. ह्या व्यवस्थेंत धडा जाण्यापेक्षां उत्तर परत येण्याला अधिक महत्त्व होतें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. धडा काय, तो पुस्तकांतही होता. टपालाच्या परतीच्या फेरीमुळें मात्र विद्यार्थ्याला अशी खात्री वाटे कीं, आपण लिहिलेलें कोणी तरी वाचणार आहे.

अमेरिकेंत ह्याच कल्पनेला व्यापारी रूप आलें. पेन्सिल्व्हानिया प्रांतांतील कोळशाच्या खाणींत अपघातांमागून अपघात होत, म्हणून १८८५ सालीं तेथील कायद्यानें खाणींवरील मुकादमांना परीक्षा सक्तीची केली. टॉमस फॉस्टर नांवाचा एक पत्रकार खाणकामगारांसाठीं आपल्या पत्रांत ह्या विषयावरील प्रश्नोत्तरें छापूं लागला, आणि त्यांतूनच १८९१ सालीं स्क्रँटन येथें एक टपाली शिक्षणक्रम निघाला. पुढें तोच ‘इंटरनॅशनल करस्पाँडन्स स्कूल्स’ ह्या नांवानें जगभर पसरला. लाखों लोकांनीं नांवें नोंदविलीं. शेवटच्या धड्यापर्यंत पोंचणारांची संख्या मात्र नांवें घालणारांच्या मानानें फारच थोडी असे. शाळेचे गांवोगांव फिरणारे प्रतिनिधि नांवें मिळविण्यांत जितके दक्ष होते, तितकी दक्षता पुढें विद्यार्थ्याची विचारपूस करण्यांत दिसून आली असती तर कदाचित् चित्र निराळें दिसलें असतें. दूरशिक्षणाच्या वस्त्रावरचा हा पहिला डाग. पुढच्या शतकांतही तो धुऊन निघाला नाहीं.

परदेशी छापील मजकुरावरून कारखानदारी शिकलेला एक मोठा माणूस महाराष्ट्रांतही होऊन गेला. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगांवीं आले. अमेरिकेंतील यंत्रविषयक मासिकें वाचून आणि स्वतःच्या हातांनीं प्रयोग करून त्यांनीं आपली विद्या वाढविली. त्यांचें उत्तर तपासून पाठविणारा गुरु कोणी नव्हता. लोखंडी नांगर तयार झाला तेव्हां उत्तर आलें तें शेतकऱ्याकडून, आणि तें उत्तर नकाराचें होतें. लोखंडानें जमीन विषारी होते अशी त्या काळीं पक्की समजूत होती. नांगर घेणारा भेटेना. बीड कसें ओतावें हें अमेरिकन मासिकाला सांगतां येत होतें, पण दक्षिण महाराष्ट्रांतील शेतकऱ्याच्या मनांत कोणती शंका आहे हें सांगणें त्याच्या शक्तीबाहेरचें होतें. ती शंका फिटल्यावर धंदा वाढला आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली.

उद्योगवृत्ति मुळांत शिकवितां तरी येते काय, ह्या प्रश्नाची पद्धतशीर परीक्षाही भारतांतच झाली, ही गोष्ट आज फार थोड्यांच्या स्मरणांत असेल. हार्वर्ड विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनीं १९६१ सालीं ‘दि अचीव्हिंग सोसायटी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. राष्ट्राच्या आर्थिक उत्कर्षाचें मूळ केवळ भांडवलांत अथवा खनिज संपत्तींत नसून कांहीं तरी करून दाखविण्याच्या मनुष्याच्या आकांक्षेंत आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. प्रतिपादन करून ते थांबले नाहींत. ही आकांक्षा शिक्षणानें वाढवितां येते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यांनीं आंध्रच्या किनाऱ्यावरील काकिनाडा हें बंदराचें शहर निवडलें. १९६४-६५ मध्यें तेथील व्यापारी व लहान कारखानदार ह्यांच्या तुकड्या हैदराबादच्या लघुउद्योग-शिक्षणसंस्थेंत सुमारें दहा दिवस राहावयास नेण्यांत आल्या.

तेथें त्यांना हिशेब शिकविला नाहीं, कीं यंत्रविद्या शिकविली नाहीं. चित्रें पाहून त्यांवर गोष्टी रचावयास सांगितलें, आणि त्या गोष्टींतील माणसें धडपड करतात कीं नशिबाची वाट पाहत बसतात तें त्यांचें त्यांनाच तपासावयास लावलें. एक खेळ होता खुंटीवर कडीं फेंकण्याचा. किती अंतरावरून फेंकावयाचें हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. अगदीं जवळ उभा राहील त्याला यशांत गोडी नाहीं; फार दूर जाईल त्याचा तो जुगार. जो मधलें अंतर धरतो, चार वेळां चुकतो आणि पुन्हां अंतर बदलून पाहतो, तो उद्योगी पुरुष. सुखवस्तु, वयस्क व्यापारी जमिनीवर कडीं फेंकीत आहेत, ह्या दृश्यास कोणी हंसेल. पण निकाल हंसण्यासारखा नव्हता. पुढील दोन वर्षांत शिक्षण घेतलेल्यांपैकीं सुमारें निम्म्यांनीं धंद्यांत कांहीं ना कांहीं लक्षणीय हालचाल केली. शिक्षण न घेतलेल्या तशाच मंडळींत हें प्रमाण पावाच्या आसपास होतें. मॅक्लेलंड व त्यांचे सहकारी डेव्हिड विंटर यांनीं ही सर्व हकीगत १९६९ सालीं ग्रंथरूपानें मांडली. गुजरातेंत त्याच सुमारास उद्योजक घडविण्याचे वर्ग सुरू झाले; १९८३ सालीं अहमदाबादेस त्यासाठीं स्वतंत्र संस्था निघाली, आणि १९८८ सालीं औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरांत, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झालें.

तेव्हां वृत्ति शिकवितां येते, निदान जागी करतां येते, एवढें काकिनाड्यानें दाखविलें. परंतु ती शिकविली गेली ती समोरासमोर, एका छताखालीं, मोजक्या माणसांना. दूरच्या माणसाचा प्रश्न तसाच राहिला.

आतां पुन्हां अमेरिकेकडे वळलें पाहिजे. २००५ च्या मार्चमध्यें पॉल ग्रॅहम ह्या संगणकतज्ज्ञानें हार्वर्ड येथील विद्यार्थ्यांच्या संगणक-मंडळापुढें नवोद्योग कसा सुरू करावा ह्या विषयावर व्याख्यान दिलें. ग्रॅहम यांनीं स्वतः एक कंपनी काढून ती १९९८ सालीं याहूला विकली होती. त्यामुळें बोलण्यास अनुभवाचा आधार होता. व्याख्यान ऐकण्यासाठीं स्टीव्ह हफमन आणि अलेक्सिस ओहॅनियन हे दोन विद्यार्थी थेट व्हर्जिनियाहून आले होते. त्याच महिन्यांत ग्रॅहम, जेसिका लिव्हिंग्स्टन, रॉबर्ट मॉरिस आणि ट्रेव्हर ब्लॅकवेल ह्या चौघांनीं वाय काँबिनेटरची स्थापना केली. होतकरू तरुणांना थोडें भांडवल द्यावें, तीन महिने जवळ ठेवून मार्ग दाखवावा आणि त्याच्या मोबदल्यांत त्यांच्या कंपनींत अल्पसा वांटा घ्यावा, अशी ती योजना होती. पहिल्या उन्हाळ्यांत आठ तुकड्या निवडल्या. प्रत्येक संस्थापकामागें ६,००० डॉलर दिले.

व्हर्जिनियाच्या त्या दोघां मित्रांनीं अर्ज केला तो दूरध्वनीवरून जेवण मागविण्याच्या एका कल्पनेचा. कल्पना पसंत पडली नाहीं, नकार मिळाला. ते आगगाडीनें घरीं परतत असतां ग्रॅहम यांचा फोन आला: माणसें आवडलीं आहेत, कल्पना बदलत असाल तर परत या. ते परत फिरले, आणि त्यांनीं पुढें जें काढलें तें ‘रेडिट’ ह्या नांवानें जगास माहीत झालें. छापील धड्यांत हा फोन कोठेंही बसत नाहीं. विद्यार्थ्याची कल्पना टाकाऊ आहे पण विद्यार्थी टाकाऊ नाहीं, हें ओळखण्यास त्याला समोर बसवून पाहावें लागतें.

शिक्षणाची रीतही अशीच घरगुती होती. दर मंगळवारीं रात्रीं केंब्रिज येथील जागेंत सारे जमत. जेवण स्वतः ग्रॅहम रांधीत. कोणी अनुभवी पाहुणा येई आणि आपल्या धंद्यांत काय फसलें, कसें सावरलें हें सांगे. पाहुण्याच्या भाषणाइतकाच त्या पंगतीचा दुसरा उपयोग होता. मागच्या मंगळवारपासून काय केलें, हें शेजारी बसलेल्याला सांगावें लागे. आठवडाभर कांहीं न करणाऱ्यास घांस गोड लागत नसेल, असें मानण्यास हरकत नाहीं. पुढें २००९ च्या हिंवाळी तुकडींत ‘एअरबीएनबी’ ही घरें भाड्यानें देणारी कंपनी होती. तिचे चालक कॅलिफोर्नियांत बसून होते आणि गिऱ्हाइकें होतीं न्यूयॉर्कांत. तेव्हां ग्रॅहम यांनीं त्यांना सरळ गिऱ्हाइकांकडे जाण्यास सांगितलें. ते गेले, घरोघर बसले, आणि खोल्यांचीं छायाचित्रें आपल्या हातांनीं काढून आले. त्या कंपनीचा धंदा तेथून उचलला. २०१३ सालीं ग्रॅहम यांनीं एका निबंधांत हेंच तत्त्व म्हणून मांडलें: आरंभीं अशीं कामें करावीं कीं जीं मोठ्या प्रमाणावर करतांच येत नाहींत.

ह्याच सुमारास व्याख्यान ही वस्तु मात्र कमालीची स्वस्त झाली. २०११ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सेबास्टियन थ्रन व पीटर नॉर्विग यांनीं कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा आपला वर्ग इंटरनेटवर सर्वांस खुला केला, आणि १,६०,००० लोकांनीं नांवें घातलीं. पुढील वर्षीं युडॅसिटी, कोर्सेरा आणि एडएक्स ह्या तिन्ही संस्था निघाल्या. आतां विद्यापीठांच्या भिंती कोसळणार, असें त्या वर्षीं पुष्कळांस वाटूं लागलें. स्क्रँटनच्या टपाली शाळेचा इतिहास ज्यांना ठाऊक होता त्यांना तितकें वाटलें नसावें. पेन्सिल्व्हानिया विद्यापीठानें कोर्सेरावरील आपल्या सोळा शिक्षणक्रमांची पाहणी २०१३ मध्यें प्रसिद्ध केली तेव्हां ते पूर्ण करणारे सरासरीनें शंभरांत चारच निघाले. एक शतक लोटलें, कंदील जाऊन वीज आली, टपाल जाऊन तार आणि तार जाऊन इंटरनेट आलें; गळती मात्र जिथल्या तिथें!

ह्या लाटेंतही एका शिक्षकानें निराळा विचार केला. स्टीव्ह ब्लँक यांनीं आठ नवोद्योगांत आयुष्य घालवून १९९९ मध्यें निवृत्ति घेतली होती आणि त्यानंतर ते शिकवूं लागले होते. कागदावरची योजना पहिल्या गिऱ्हाइकाच्या भेटींतच कोलमडते, म्हणून विद्यार्थ्यानें इमारतीबाहेर पडून गिऱ्हाईक गांठलें पाहिजे, हा त्यांचा आग्रह. लक्ष्मणराव किर्लोस्करांना हें सांगावें लागलें नसतें. २०११ च्या जानेवारींत ब्लँक यांनीं स्टॅनफर्ड येथें ह्याच पद्धतीचा वर्ग घेतला. त्याच वर्षीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननें तो आपल्या शास्त्रज्ञांसाठीं उचलला, आणि प्रत्येक तुकडीनें शंभराच्या आसपास गिऱ्हाइकांशीं प्रत्यक्ष बोललें पाहिजे असा दंडक घातला. २०१२ मध्यें ब्लँक यांचीं व्याख्यानें युडॅसिटीवर आलीं. जगभर तीं पाहिलीं गेलीं, परंतु त्यांचा खरा परिणाम ब्लँक यांच्या स्वतःच्या वर्गावर झाला. व्याख्यान आतां घरीं पाहून येतां येत होतें. तेव्हां वर्गांत व्याख्यान देण्याचें कारणच उरलें नाहीं. वर्गाचा वेळ विद्यार्थ्यांनीं ‘ह्या आठवड्यांत कोणाला भेटलों, काय कळलें’ हें सांगण्यांत आणि शिक्षकांनीं त्यांची उलटतपासणी घेण्यांत जाऊं लागला. म्हणजे यंत्रानें जें काम स्वस्त केलें तें यंत्राकडे गेलें, आणि माणसानें करावयाचें काम कोणतें तें आपोआप उघडें पडलें.

वाय काँबिनेटरनें ‘स्टार्टअप स्कूल’ हें नांव २००५ सालींच वापरावयास घेतलें होतें. पण ती तेव्हां हार्वर्डच्या सभागृहांत भरणारी एका दिवसाची व्याख्यानमाला होती. २०१४ मध्यें संस्थेचें अध्यक्षपद सॅम ऑल्टमन यांच्याकडे आलें. हे पहिल्या आठ तुकड्यांतलेच एक विद्यार्थी. त्यांनीं त्या वर्षीं स्टॅनफर्डमध्यें वीस व्याख्यानांचा वर्ग चालविला आणि सर्व व्याख्यानें इंटरनेटवर ठेवलीं. तेथवर ही ग्रंथालयाची सेवा झाली, शाळा नव्हे. शाळा झाली ती २०१७ च्या वसंतांत. दहा आठवडे, फी नाहीं, कंपनींत वांटा मागणें नाहीं. व्याख्यानें कोणीही पाहावीं. पण निवडलेल्या सुमारें तीन हजार कंपन्यांना संस्थेच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं एकेक सल्लागार नेमून दिला, आणि त्याच्यासमोर आठवड्याच्या आठवड्याला पडद्यावरून हजेरी लावण्याची व्यवस्था केली. निम्म्याहून थोड्या अधिक कंपन्या शेवटपर्यंत टिकल्या. शंभरांत चार आणि शंभरांत पन्नास, ह्यांत जें अंतर आहे त्याचें श्रेय व्याख्यानांना देतां येत नाहीं. व्याख्यानें दोन्हीकडे होतींच. अर्थात् निवड करून घेतलेला विद्यार्थी मुळांतच अधिक चिकाटीचा असतो, हेंही विसरून चालणार नाहीं.

ह्या शाळेचें सर्वांत महत्त्वाचें साधन म्हणजे एक लहानसा आठवडी तक्ता. त्यांतले प्रश्न अगदीं साधे. ह्या आठवड्यांत किती गिऱ्हाइकांशीं बोललांत? त्यांच्याकडून काय शिकलांत? जो एक आंकडा तुम्ही वाढवूं पाहतां तो किती झाला? सर्वांत मोठी अडचण कोणती? आणि एक प्रश्न असा कीं जो कोणत्याही विद्यापीठाच्या परीक्षापत्रिकेंत सांपडणार नाहीं: एकापासून दहापर्यंत मोजतां तुमची उमेद किती? हा शेवटचा प्रश्न ज्यानें घातला त्याला ह्या विद्यार्थिवर्गाची खरी ओळख होती असें म्हटलें पाहिजे. नवोद्योग बुडण्याचीं कारणें भांडवल, बाजार, स्पर्धा अशीं सांगितलीं जातात. पण पुष्कळदां उद्योग बुडण्याच्या आधीं उद्योगी माणूसच एका सकाळीं उठून कामाला लागत नाहीं, आणि तें कोणास कळतही नाहीं. सॅन फ्रान्सिस्कोमध्यें त्याला चार मित्र तरी विचारतात. जिल्ह्याच्या गांवीं, घरच्यांच्या डोळ्यांदेखत नोकरी सोडून खोलींत संगणकापुढें बसलेल्या तरुणास कोण विचारणार? घरांत विचारतात ते निराळ्या अर्थानें. अशा माणसाला दर आठवड्याला कोणी तरी, मग तो छापील तक्ता कां होईना, उमेद किती उरली हें पुसतो, ह्याची किंमत कमी लेखूं नये.

आतां २०१८ चा तो घोटाळा कसा निस्तरला तें पाहूं. पंधरा हजार अर्जदारांना पुरतील इतके सल्लागार जगांत कोठून आणावयाचे? जे होते ते निवडलेल्यांच्या वांट्याला गेले होते. उरलेल्यांना व्याख्यानें, तक्ता आणि एकमेकांची संगत एवढ्यावर भागवावें लागलें. शंभरपर्यंत कंपन्यांना प्रत्येकीं १०,००० डॉलर, तेही वांटा न मागतां, देण्याचें संस्थेनें जाहीर केलें होतें. परंतु पैशापेक्षां मोठा धडा शाळेलाच मिळाला. २०१९ मध्यें तिनें निवडच काढून टाकली; येईल त्याला प्रवेश. सल्लागारांच्या जागीं विद्यार्थ्यांचेच लहान लहान गट आले. सारख्या धंद्यांतले चार-सहा संस्थापक यंत्रानें एकत्र आणावे, त्यांनीं आठवड्यांतून एकदां पडद्यावर भेटावें, एकमेकांस तेच प्रश्न विचारावे. पिटमनच्या वेळीं उत्तर गुरूकडे जाई. आतां तें सहाध्यायाकडे जाऊं लागलें.

ह्यांत लाभ किती आणि हानि किती? हानि उघड आहे. आंधळ्यानें आंधळ्यास वाट दाखवावी तसा हा प्रकार, असें कोणी म्हटल्यास त्यास सर्वस्वी खोडून काढतां येणार नाहीं. गाडींतून परतणाऱ्या दोघां विद्यार्थ्यांना फोन करणारी पारख सहाध्यायापाशीं नसते; न्यूयॉर्कला जा, असें अधिकारानें सांगणारा आवाज त्याच्यापाशीं नसतो. मोठ्या प्रमाणावर करतां येत नाहीं तेंच आधीं करा, हा उपदेश मोठ्या प्रमाणावर देण्याचा उद्योग ही शाळा करीत आहे, ही विसंगति तिच्या चालकांच्याही नजरेंतून सुटली नसेल. पण लाभही खरा आहे. निवड होती तोंवर जो मुळांतच निवडला जाण्याजोगा, त्यालाच गुरु मिळे. निवड गेली तेव्हां ज्याला कोणीच निवडलें नव्हतें, त्याला निदान सोबती मिळाला.

भारतांतही ह्याच काळांत सरकारनें ह्या कामांत पाऊल टाकलें. १६ जानेवारी २०१६ रोजीं ‘स्टार्टअप इंडिया’ योजना जाहीर झाली, आणि २०१७ सालीं तिच्या वतीनें चार आठवड्यांचा मोफत शिक्षणक्रम इंटरनेटवर सुरू झाला. दूरच्या गांवच्या विद्यार्थ्याला उद्योगाचीं मूलतत्त्वें घरबसल्या मिळण्याची सोय झाली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु काकिनाड्याचा प्रयोग ज्या देशांत झाला, तेथें त्या शिक्षणक्रमाची कसोटी नांवें किती नोंदलीं ह्यावर न लावतां, दोन वर्षांनंतर कोणी काय केलें ह्यावर लावणें अधिक शोभून दिसेल. भाषेचाही प्रश्न आहेच. कॅलिफोर्नियाची ती शाळा इंग्रजींत बोलते. लक्ष्मणरावांचीं मासिकेंही इंग्रजी होतीं. गिऱ्हाईक मात्र तेव्हांही मराठींत नकार देत होतें आणि आतांही मराठींतच देतें.

२०२० च्या मार्चमध्यें कोरोनाची साथ आली आणि ज्या संस्थेनें दूरच्यांसाठीं शाळा काढली होती तिलाच दूर बसून काम करणें भाग पडलें. नवीन कंपन्या भांडवलदारांपुढें मांडण्याचा तिचा मोठा दिवस सभागृहाऐवजीं इंटरनेटवर साजरा झाला. उन्हाळ्याची सारी तुकडी जगांत जेथल्या तेथें राहून शिकली. पंधरा वर्षें चाललेला मंगळवारच्या पंगतीचा क्रम त्या वर्षीं तुटला. २०२१ मध्यें स्टार्टअप स्कूलच्या जोडीनें भागीदार जुळविण्याची एक सोय निघाली. एकट्या संस्थापकानें आपली माहिती द्यावी आणि योग्य जोडीदार शोधावा. लग्न जुळविणाऱ्या मंडळींचा धंदा उद्योगास येऊन मिळाला म्हणावयाचा! पण गरज खरी होती. दूरच्या विद्यार्थ्याला व्याख्यान हवें होतेंच, पण त्याहून अधिक हवा होता तो बरोबर बसून काम करणारा दुसरा माणूस.

साथ ओसरल्यावर वाय काँबिनेटरनें भांडवल दिलेल्या आपल्या मंडळींना पुन्हां सॅन फ्रान्सिस्कोंत बोलावून घेतलें. २०२५ च्या जून महिन्यांत स्टार्टअप स्कूलच्याच नांवानें, कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय घेऊन, त्या शहरीं दोन दिवसांचा मेळावा भरला. निवडलेले सुमारें अडीच हजार विद्यार्थी व तरुण एका सभागृहांत जमले होते, वीस वर्षांपूर्वीं हार्वर्डच्या सभागृहांत जमले होते तसेच. तेथें झालेल्या व्याख्यानांचीं चित्रमुद्रणें पुढील आठवड्यांत, घरीं राहिलेल्यांसाठीं, इंटरनेटवर ठेवण्यांत आलीं.